मनकवड्याचा हात

'मनकवडा' हा आपल्या भाषेतील मोठा प्रेमळ शब्द आहे. न मागता पाण्याचा तांब्या पुढे करणारी सून, बोलण्यापूर्वीच खिशात हात घालणारा थोरला भाऊ, ताटातील भाजी संपण्याआधी वाढणारी आई, यांना तो लावला जातो आणि त्यात संशयाचा लवलेशही नसतो. दुसऱ्याचे मन ओळखणे हे मायेचे लक्षण आहे असे आपण गृहीतच धरतो. रंगमंचावर पैसे घेऊन हेच काम करणारा माणूस मात्र आपल्याला एक तर सिद्धपुरुष वाटतो, नाही तर लबाड. या दोहोंच्या मध्ये तिसरी एखादी जागा आहे काय, आणि असल्यास तेथे उभ्या राहणाऱ्याची जबाबदारी कोणती, हा विचार माझ्या मनात बरेच दिवस घोळत आहे.

या कलेच्या एका शाखेला 'मसल रीडिंग' म्हणतात. आपण तिला स्नायुवाचन म्हणू. अमेरिकेत १८७० नंतरच्या दशकात जे. रँडॉल ब्राउन नावाच्या तरुणाचे प्रयोग गाजू लागले. प्रेक्षकांपैकी कोणी तरी सभागृहात एखादी वस्तू लपवावी; ब्राउनने डोळे बांधून यावे, लपविणाऱ्याचा हात धरावा, आणि त्याला जवळजवळ ओढीत नेऊन नेमकी ती वस्तू काढून दाखवावी. न्यूयॉर्कचे वैद्य जॉर्ज बिअर्ड यांनी या प्रयोगांचा अभ्यास केला आणि १८७७ मध्ये लिहिले की ब्राउन वाचतो ते मन नव्हे, स्नायू. हालचालीचा नुसता विचार मनात आला तरी शरीर ती हालचाल अत्यल्प प्रमाणात करून बसते, हे इंग्लंडमध्ये विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच मांडले होते. वस्तू जाणणाऱ्याचे मन तिच्याकडे ओढ घेते; हात ती ओढ लपवू शकत नाही.

ही विद्या शिकण्याची रीत ऐकली म्हणजे तिच्यातील गूढ पुष्कळसे उडून जाते. शिकणाऱ्याने प्रथम एखादा मोकळ्या स्वभावाचा, उत्साही मित्र गाठावा. घुम्या माणसाचा किंवा परीक्षा घ्यायला आलेल्याचा हात आरंभी काही बोलत नाही. मित्राला आपले मनगट धरावयास सांगावे, आणि बजावावे की त्याने वस्तूचे चित्र डोळ्यांपुढे न आणता 'डावीकडे', 'पुढे', 'थांब' अशा आज्ञा मनातल्या मनात द्याव्यात. मग आपण अर्धे पाऊल पुढे राहून झपाट्याने चालावे. दिशा चुकली की धरलेला हात किंचित जड लागतो. बरोबर असली की तो आपल्याबरोबर हलका होऊन येतो. जागेजवळ पोहोचल्यावर हात वरखाली फिरवून पाहावा, म्हणजे नेमक्या उंचीवर तो विरोध सोडतो. यात सर्वांत मोठा अडथळा येतो तो शिकणाऱ्याच्या स्वतःच्या तर्कबुद्धीचा. वस्तू कपाटात असणार असे त्याने मनाशी ठरविले की कपाटाकडची ओढ त्याच्याच दंडातून निघते, आणि तीच मित्राच्या हातातून आली असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून या विद्येचा खरा अभ्यास दुसऱ्याचा हात ओळखण्याचा जितका, तितकाच आपला हात ओळखण्याचा आहे. मला ही विद्या आदरणीय वाटते ती यासाठी.

आता यात खोटे कोठे येते? ब्राउनच्या मागून आलेला इंग्रज कलावंत स्टुअर्ट कंबरलंड पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्यासारख्यांपुढे प्रयोग करीत असे, आणि आपल्या अंगी कसलीही दैवी शक्ती नाही, स्पर्शाची जाणीव तेवढी तीव्र आहे, असे उघड सांगत असे. आपल्याच काळातील अमेरिकन कलावंत क्रेस्किन (निधन २०२४) कार्यक्रमाचे मानधनच प्रेक्षकांकडून लपवून घेई आणि ते सापडले नाही तर सोडून देण्याची अट घाली. प्रेक्षक आपण होऊन मनगट पुढे करतो, खेळ आहे हे जाणतो, आणि चकित होऊन घरी जातो. त्याचे काही हिरावले गेले असे मला वाटत नाही. शरीराकडून त्याच्या धन्याच्या इच्छेविरुद्ध उत्तर काढून घेणे ही गोष्ट मात्र निराळी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात संमतीवाचून केलेल्या नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या घटनाबाह्य ठरविल्या, त्याच्या मुळाशी हाच भेद आहे.

वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशप याची कथा मात्र अस्वस्थ करते. तो कंबरलंडच्याच पिढीचा आणि त्याहून अधिक नाट्यमय. डोळे बांधून घोडागाडी हाकीत शहरात लपविलेली वस्तू तो शोधून काढी. १८८९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लँब्ज क्लबात प्रयोग करता करता तो बेशुद्ध पडला आणि दुसऱ्या दिवशी मृत ठरविला गेला. त्याला मृतवत मूर्च्छा येण्याची व्याधी होती. वैद्यांनी घाईने शवविच्छेदन करून मेंदू बाहेर काढला तेव्हा माझा मुलगा जिवंत होता, असा आक्रोश त्याची आई पुढे करीत राहिली. तिचे म्हणणे सिद्ध झाले नाही. पण आयुष्यभर ज्याने बोटांनी काम केले त्याचे डोके उघडून पाहावे असे जाणत्या माणसांना वाटावे, यात त्याने लोकांच्या मनावर बिंबविलेल्या कल्पनेचा वाटा असणारच.

यावरून मला एक साधी कसोटी सुचते: समोरचा माणूस घरी काय घेऊन जातो? चकित होऊन गेला तर कलावंत निर्दोष. निर्णय घेऊन गेला तर त्याला रीत सांगणे हे कलावंताचे कर्तव्य ठरते.

चेन्नईच्या बाजूला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाकडे पाहुणे येतात ते बहुधा दोन कामांसाठी, कांजीवरमच्या साड्या आणि नाडीभविष्य. (आमच्या गावाचे नाव आवडी, येथे येणे किती जणांच्या आवडीचे असते हा प्रश्न वेगळा.) वैदीश्वरन कोविलला किंवा त्याच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या केंद्रात पुरुषाच्या उजव्या आणि स्त्रीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात, ताडपत्रांची जुडी काढतात आणि एकेक वाक्य वाचून 'होय किंवा नाही एवढेच सांगा' म्हणतात. बरीच पाने 'नाही' म्हणून बाजूला पडतात. शेवटी असे पान येते की ज्यात आईवडिलांची नावेसुद्धा निघतात, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. त्या तासाभरात 'होय' आणि 'नाही' यांच्यासह किती माहिती आपण मान, भुवई आणि श्वास यांनी दिली, याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. तेथून माणसे मुलीचे लग्न पुढे ढकलण्याचे किंवा घर विकण्याचे ठरवून उठतात. आपल्याकडे विहिरीची जागा दाखविणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो, तेव्हाही शेतकरी कर्ज काढून तेथेच बोअर घेतो.

परंतु नाडीवाचक किंवा पाणाड्या यांना सरसकट लबाड म्हणण्यास मी तयार नाही, आणि येथेच प्रश्न कठीण होतो. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरविण्याचे वेड पसरले होते. चारसहा प्रतिष्ठित माणसे टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल आपोआप फिरू लागे. मायकेल फॅरेडे यांनी हातांखाली मऊ चिकट द्रव्याने जोडलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले आणि एक लहानशी तरफ अशी बसविली की हात टेबलाला ढकलू लागला तर काटा कलावा. टेबलाच्या आधी हात हलतो हे सिद्ध झाले. त्याहून महत्त्वाचे असे, की तो काटा बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला तेव्हा टेबल फिरायचेच थांबले. ही माणसे खोटारडी नव्हती. आपलाच हात त्यांना दिसला आणि तो स्थिर झाला, एवढेच.

बर्लिनचा 'हुशार हान्स' हा घोडा खूर आपटून गणिते सोडवी. त्याचा मालक व्हॉन ओस्टेन हा निवृत्त शिक्षक. त्याने प्रयोगाला कधी पैसा घेतला नाही. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीला त्यात कसलीही हातचलाखी आढळली नाही, आणि ती नव्हतीच. ऑस्कर फुंग्स्ट यांनी पुढे दाखविले की प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसेनासा केला, की हान्स निरक्षर होतो. योग्य आकड्याशी विचारणाऱ्याचे डोके केसभर वर होई आणि घोडा थांबे. हे सारे कळल्यावरसुद्धा फुंग्स्टना स्वतःची ती हालचाल रोखणे कठीण गेले. व्हॉन ओस्टेनने मात्र हा निष्कर्ष कधीच मान्य केला नाही. १९०९ मध्ये तो वारला.

घोड्याने चुकीचे गणित केले तर कोणाचे काही बिघडत नाही. १९९० च्या सुमारास मात्र 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' नावाची पद्धत ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत आली. बोलू न शकणाऱ्या, स्वमग्नता किंवा तत्सम व्याधी असलेल्या मुलाचा हात साहाय्यकाने हलकेच धरावयाचा आणि मुलाने अक्षरांच्या फळीवर टंकन करावयाचे. ज्यांच्या तोंडून वर्षानुवर्षे शब्द निघाला नव्हता अशी मुले वाक्ये लिहू लागली, कविता लिहू लागली, 'आई, माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे लिहू लागली. त्या आईची कल्पना करावी. मग काही मुलांच्या हातून आपल्या जन्मदात्यांवर भयंकर आरोपही लिहिले गेले, आणि न्यायालयांना विचारावे लागले की हे लिहितो कोण. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक केंद्रात १२ निवासी आणि त्यांचे ९ साहाय्यक यांच्यावर चाचणी झाली. मुलाला एक चित्र दाखवावयाचे आणि साहाय्यकाला, त्याच्या नकळत, दुसरे. एकाही मुलाने केवळ स्वतःला दिसलेल्या चित्राचे नाव लिहिले नाही. साहाय्यकाला दिसलेले मात्र लिहिले गेले. ते साहाय्यक फसवे नव्हते. बहुधा सर्वांत कनवाळू असेच लोक त्या कामाला आले होते. आपण इतकी वर्षे स्वतःशीच बोलत होतो हे कळल्यावर त्यांतील कित्येक खचून गेले. काहींनी मात्र चाचणीच नाकारली, आणि ही पद्धत नाव बदलून अजून चालते.

नेमकी येथे मला रंगमंचावरच्या स्नायुवाचकाची आठवण येते. त्या नऊ जणांपैकी एकाने जरी ही विद्या रीतसर शिकली असती, धरलेला हात कोणता आणि ढकलणारा हात कोणता याचा महिनाभर सराव केला असता, तर त्याला पहिल्या आठवड्यातच संशय आला असता. जाणून वाचणाऱ्यापेक्षा नकळत वाचणारा अधिक धोक्याचा आहे, कारण कलावंताने सत्य सांगावे अशी मागणी आपण करू शकतो. नकळत वाचणाऱ्याजवळ सांगण्यासारखे सत्यच नसते.

पोंगलच्या दिवसांत आमच्याकडे 'बूम बूम माडु' येतो, तो आपला नंदीबैलच. तीच झूल, तीच कवड्यांची माळ, तसेच ढोलके. बैल मान डोलावतो आणि घरधन्याचे भाग्य उघडते. नंदीबैलवाल्याला दोरी आणि ढोलके यांचे काम पक्के ठाऊक असते. या दृष्टीने तो व्हॉन ओस्टेनपेक्षा शहाणा म्हटला पाहिजे. इथल्या माणसांच्या मान हलविण्याचा अर्थ लावताना नवख्या मराठी माणसाची जी त्रेधा होते ती पाहून वाटते की अंगालाही प्रादेशिक बोली असते. इकडचे 'हो' आपल्याला कित्येक दिवस 'नको' वाटत राहते.

पण नंदीबैल म्हटले की आपणा नोकरदारांना आणखी एक गोष्ट सुचल्यावाचून राहत नाही. कनिष्ठाने एखाद्या प्रकरणावर टिपणी लिहून पाठविली की नस्तीच्या समासात दोन शब्द येतात: 'प्लीज स्पीक'. तो आत जातो. साहेब काही सांगत नाहीत. चष्मा काढतात, तिसरा परिच्छेद पुन्हा वाचतात, 'हं' म्हणतात. बाहेर येऊन तो नवी टिपणी लिहितो, आणि तिच्यात त्याचे स्वतंत्र मत असते. तो खुशामत करतो असे नाही. त्याला खरोखरच प्रकरणाची दुसरी बाजू आता दिसलेली असते. साहेबही अप्रामाणिक नसतात. आपल्याला वाटत होते तेच एका निराळ्या, कसलेल्या माणसाला स्वतंत्रपणे सुचले याचे त्यांना समाधान वाटते. यात हान्स कोण आणि ओस्टेन कोण, हे पदाच्या उतरंडीवर प्रत्येक पायरीला बदलत जाते, इतकेच. व्हॉन ओस्टेनच्या अंगणातील चूक एका घोड्यापुरती होती. येथे त्या नस्तीच्या शेवटी कोणाचे निवृत्तिवेतन असते, कोणाची जमीन असते.

उत्तर ज्याला ठाऊक आहे त्याने विचारताना आपला हात काढून घेतला पाहिजे, ही जबाबदारी वाचणाऱ्याइतकीच विचारणाऱ्याचीही आहे. आपल्या रुक्ष नियमांत कोणी तरी हे ओळखले होते असे दिसते. निविदांची दोन लिफाफ्यांची पद्धत घ्या: तांत्रिक छाननी पुरी होईपर्यंत किमतीचा लिफाफा फोडावयाचा नाही, कारण आकडा कळला की यंत्राचे गुणदोषही निराळे दिसू लागतात. सैन्यातील न्यायासनासंबंधी १९५४ च्या नियमांत असे आहे की सदस्यांची मते तोंडी आणि एकामागून एक घ्यावीत, आणि आरंभ सर्वांत कनिष्ठ हुद्द्याच्या सदस्यापासून करावा. रणगाड्यांच्या या गावात तो नियम माहीत असलेली माणसे पुष्कळ आहेत. ज्येष्ठाचा शब्द कनिष्ठाच्या कानी आधी पडू नये एवढी व्यवस्था त्यात झाली. ज्येष्ठाचा चेहरा मात्र त्या वेळी त्याच खोलीत, चारपाच हातांवर असतो.