तापीकाठी, स्वतःचा फोटो काढण्याआधी

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर या आणि पायरीवर टेका. मोबाइल खिशातच असू द्या. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळीही ऊबदार असतो, त्यावर तळवा ठेवा. श्वास त्याच्या चालीने चालू द्या.

आता एक चेहरा मनात आणा, मलिक अंबरचा. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेलं हे पोर गुलाम म्हणून विकलं गेलं, हातोहात फिरत दख्खनला आलं आणि पुढे निजामशाहीचा कर्ता-करविता झालं. मोगलांची दख्खनची मसलत तुमच्या पाठीमागच्या किल्ल्यातून चालायची. ती या हबशाने वर्षानुवर्षं अडवून धरली, बऱ्हाणपूरलाही वेढा घातला.

जहांगीर आपल्या आठवणींत त्याला काळतोंड्या म्हणतो. अबुल हसनच्या दरबारी चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. असं कधी घडलंच नाही. अंबर १६२६मध्ये म्हातारा होऊन वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे.

इथे थोडं थांबा. ज्याला कायमचं नमवता आलं नाही, त्याचा चेहरा मात्र शत्रूच्या कुंचल्याच्या हाती होता. हे नुसतं मनात राहू द्या.

२०१४मध्ये सेनेगलच्या ओमार व्हिक्टर डिओपने ‘डायस्पोरा’ ही छायाचित्रमाला केली. परमुलखात नाव काढलेले आफ्रिकी पुरुष त्याने स्वतःच वेश धरून उभे केले. त्यांच्या पोशाखाशेजारी त्याने फुटबॉलचं सामान मांडलं, कारण आजचा आफ्रिकी खेळाडूही डोक्यावर घेतला जातो आणि त्याच मैदानात रंगावरून हिणवला जातो. त्या मालेत मलिक अंबर आहे. भाल्यावरचं ते मुंडकं जवळजवळ चारशे वर्षांनी धडावर परत आलं. मला हे फार मोठं वाटतं.

त्यावरून मला माझा स्थळांना दाखवायचा फोटो आठवतो. स्टुडिओत पावडरचा डबा पुढे आला, मग निगेटिव्हवर पेन्सिल फिरली. तरी मानेपाशी पावडर संपत होती तिथे माझा रंग सुरू होत होता. “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस,” घरचे सांगायचे.

त्या ‘पण’पाशी बसा. तुमच्या वाट्याला तो कुणाच्या तोंडून आला? तुम्ही तो कुणाला दिलात? घाई नाही.

आता मोबाइल काढा. कॅमेरा स्वतःकडे वळवा. रंग उजळवणारा फिल्टर चालू असेल, तर तो बंद करा. बटण लगेच दाबू नका. कपाळ बघा. डोळ्यांखालची गडद कड बघा. ती आजीचीही होती का? ओठांच्या कडेचा रंग बघा, ज्याला आपल्याकडे धड नावही नाही.

नदीपलीकडे झैनाबादची झाडं अंधारात मिसळू लागली आहेत. पडद्यावरचा चेहराही त्यांच्याबरोबर गडद होतो आहे. फ्लॅश नको. आता दाबा बटण.