घरात घेतलेला पाहुणा

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी बंधुभगिनींनो, मागे आषाढीच्या वाटेवर घडलेली गोष्ट. मुक्कामाला पंगत बसली होती. खांद्याला पडशी अडकवलेले एक अनोळखी पोर शेवटच्या पत्रावळीवर येऊन बसले. आमच्यातील एका वडीलधाऱ्याने विचारले, "कोण रे तू? कोणाचा? कुठल्या दिंडीचा?" पोराला उत्तर देता येईना. ते उठले नि निघून गेले. आम्ही तेथेच होतो. तोंडातून शब्द काढला नाही. तो घास अजून घशात अडकला आहे.

पुढे शरीरशास्त्राचे एक पुस्तक वाचनात आले आणि आमची मान खाली गेली.

आपला देह लक्षावधी कोटी पेशींचा. एकेक पेशी म्हणजे नांदता वाडाच. मध्ये केंद्रक, तेथे वंशपरंपरेची पोथी. कोठे प्रथिने घडतात, कोठे त्यांची रवानगी होते, तर लयकारिका मोडकेतोडके झाडून काढतात. या वाड्याची चूल म्हणजे तंतुकणिका, जिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. घेतलेला श्वास आणि खाल्लेली भाकरी अखेर तेथे भेटतात, आणि पेशीला लागणारी बहुतेक शक्ती तेथेच तयार होते. तेथे पाणचक्कीसारखे खरोखर फिरणारे चाक आहे! १९९७ साली जपानी संशोधकांनी एका जिवाणूतून काढलेल्या तशाच चाकाच्या आसाला चमकणारा तंतू जोडला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकातून पाहिला.

जिवाणूत आणि आपल्यात एकच चाक कसे? नवल तेच आहे. ही चूल मूळची वाड्यातली नव्हेच! दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक परका जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तेथेच राहिला. अमेरिकेतील लिन मार्ग्युलिस या विदुषीने १९६७ साली हा विचार नव्याने मांडला, तेव्हा पुष्कळांना तो पटला नाही. परंतु तंतुकणिकेची स्वतःची निराळी पोथी असते. माणसातील ती पोथी १९८१ साली अक्षर न् अक्षर वाचली गेली. तीत अवघी ३७ जनुके निघाली. बाकीचा बहुतेक कारभार आता केंद्रकाच्या पोथीतून चालतो. पाहुण्याने आपले गाठोडे यजमानाच्या हवाली केले. आज पाहुण्यावाचून हे घर चालत नाही, आणि घरावाचून पाहुणा जगत नाही.

आणखी ऐका. ही चूल आपणांस आईकडूनच मिळते. बापाकडची टिकत नाही. भेटेल त्याच्या पाया पडून आपण 'माउली' म्हणतो. त्याच्या रोमरोमांत त्याच्या माउलीने दिलेला विस्तव जळत असतो, हे ध्यानात ठेवून म्हणावे.

दृष्टांत एकदेशी असतो, हे आम्ही जाणतो. त्या पेशीने दया म्हणून परक्याला ठेवून घेतले नाही. तिला दया ठाऊकच नाही. आपल्याला ती ठाऊक आहे, रोज कीर्तनात ऐकतो, आणि तरी पंगतीत कूळ विचारतो! मग दोष कोणाचा मोठा? ज्या शक्तीने "कोण रे तू?" असे विचारायला जीभ उचलली, ती शक्तीही एका परक्यानेच दिलेली.

म्हणून बाबांनो, येत्या वारीत शेवटची पत्रावळ मोकळी ठेवू. येईल त्याला आधी भाकरी वाढू. नाव-गाव मग पुसू. ते पोर आम्हांस पुन्हा भेटेल न भेटेल. परंतु त्याच्या जागी जो येऊन बसेल, त्याच्या पाया पडूनच आम्ही घास घेऊ.

॥ रामकृष्णहरि ॥