काय होतंय ते दाखव

नाशिकहून गिरणाऱ्याच्या रस्त्याने निघून वाघेऱ्याचा घाट ओलांडला की त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हरसूल येतं. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खाली खाचरांत भात. पाऊस उदंड, पण एकदा पीक घरात आलं की पुढचे महिने रानात फारसं काम नसतं. मग घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात.

हे जाणं थोडं तरी थांबावं, म्हणून हरसुलातल्या काही बायकांनी बचत गट काढला. त्या नागलीचे पापड करत, पीठ दळून विकत. गटाची अध्यक्ष होती एक मावशी. हिशोबाची वही तिच्या भाचीकडे असे. भाची नाशकात कॉलेज करून गावी परतलेली, हातात मोबाइल आणि डोक्यात पुष्कळ कल्पना.

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे शहरातल्या घरोघरी बोललं जाऊ लागलं. एका प्रदर्शनात गटाचे पापड हातोहात संपले आणि जाताना गिऱ्हाइकं विचारू लागली, “तुमची वेबसाइट आहे का?”

भाचीने मनावर घेतलं. शहरातल्या एका माणसाने पैसे घेऊन वेबसाइट करून दिली. झकपक होती, चित्रं आपोआप सरकत होती. गटातल्या बायकांनी ती एकमेकींना दाखवली. वर्ष सरलं आणि एके दिवशी ती उघडेचना. वेबसाइटच्या नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, ते भरले गेले नव्हते. नाव त्या माणसाच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे, आणि त्याचा फोन बंद. घर गटाचं, पण किल्ली परक्याच्या खिशात, अशी गत झाली होती.

भाची दोन दिवस गप्प होती. मग तिने ठरवलं की आता आपणच शिकायचं. नवं नाव गटाच्या नावावर घेतलं, पासवर्ड हिशोबाच्या वहीत लिहून कपाटात ठेवला आणि वर्डप्रेस नावाची फुकट मिळणारी प्रणाली घेऊन रात्री जागून वेबसाइट उभी केली. उभी राहिली खरी, पण धड चालेना. हरसुलात ती उघडतच नव्हती, गोल चक्र नुसतं फिरत राही. पापडांची माहिती छापखान्यात पत्रक करून घेतलं होतं त्याच्या फाइलमधून उचलली होती. पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कालवा दिसत होता. आणि नाशकात ज्यांना ती दिसत होती, त्यांच्यापैकी कोणी फोन करत नव्हतं.

तिने कॉलेजच्या जुन्या मित्रमंडळींना निरोप टाकला: “वेबसाइट नीट चालत नाहीये. कोणीतरी मदत करा ना, प्लीज.” उत्तरं भराभर आली. कोणी अंगठा दाखवला, कोणी ‘मस्त’ म्हणालं, कोणी ‘खूप शुभेच्छा’ दिल्या. मदत एकाचीही आली नाही. लोकांना आपली काही पडलेली नाही, असं तिला वाटू लागलं.

चैत्रातलं ऊन होतं, अंगणात पापडाचं काम लागलं होतं. गटात नव्यानेच आलेली एक सून मावशीपाशी आली आणि रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, माझा पापड काही जमत नाही बघा.”

“जमत नाही म्हणजे काय गं? काय होतंय ते दाखव.”

“कडेला तडकतो.”

“लाटताना का वाळताना?”

“लाटतानाच.”

“सगळेच, का आजच्या उकडीचे?”

“आजच्याच. काल बरे झाले होते.”

मावशी उठून तिच्या परातीशी गेली. उकडीचा एक गोळा उचलून तिने दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडला आणि उजेडात धरला. बाहेरून तुकतुकीत तपकिरी दिसणाऱ्या गोळ्याच्या पोटात कोरड्या पिठाची फिकट कणी राहिली होती. “हे बघ. उकड कच्ची आहे. पाण्याला आधण नीट आलं नव्हतं, त्यात पीठ घातलंस. परत वाफ दे, गरम आहे तोवर मळ. तुझ्या लाटण्याची काही चूक नाही.” सून हसली आणि परात उचलून चुलीकडे गेली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

भाची शेजारीच पापड उलटे करत होती. तिचा हात थांबला. ‘माझा पापड जमत नाही’ यावर मावशीलाही काही सांगता आलं नसतं. काय होतं, केव्हा होतं, कधीपासून होतं, हे कळलं आणि गोळा हातात आला, तेव्हा कुठे मावशीचं तीस वर्षांचं शहाणपण कामाला आलं. आपण मात्र लोकांपुढे गोळा ठेवलाच नव्हता, नुसते रडवेले झालो होतो.

त्या रात्री तिने पुन्हा निरोप लिहिला. या वेळी सगळ्यांना न पाठवता पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या, कॉलेजात तिच्या पुढे असलेल्या एका दादालाच पाठवला. “पहिल्या पानावर बारा फोटो आहेत. नाशकात पान उघडतं, हरसुलात उघडत नाही. मी फोटो मोबाइलवरून जसेच्या तसे टाकले आहेत. दुसरी अडचण : छापखान्याच्या फाइलमधला मजकूर चिकटवला की मराठी दिसत नाही, हाताने टाइप केलेलं मात्र दिसतं. दोन्हींचे फोटो सोबत पाठवते. ‘फोटो लहान कर’ असं एके ठिकाणी वाचलं, पण ते कसं करायचं तिथे अडले आहे.”

उत्तर तासाभरात आलं. “इतकं नीट सांगितलंस की निम्मं काम तूच केलंस. पण मी करून देणार नाही. फोन लावतो, मी सांगतो तसं तू कर.”

त्याने तिला एकेक फोटो किती जड आहे ते बघायला लावलं. एक फोटो पाच एमबीचा. बारांचे साठ एमबी झाले. डोंगरातल्या दोन दांड्यांच्या नेटवर्कवर एवढं ओझं चढणार कसं? मोबाइलच्या पडद्यावर दिसायला एका फोटोला शे-दीडशे केबी पुरतात. फोटोची रुंदी कमी कशी करायची, ते तिने त्याच्या सांगण्यावरून पहिल्या तीन फोटोंवर केलं आणि उरलेले नऊ आपले आपण केले. मराठीचा गुंता त्याहून जुना निघाला. छापखान्यातले कित्येक जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठीची चित्रं बसवतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे मूळची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि देवनागरीला तो १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच मिळालेला आहे. “मजकूर युनिकोडमध्ये आणलास की कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल,” दादा म्हणाला, “आणि कोणी ‘नागली पापड’ असं मराठीत शोधलं तर सापडेलही.”

काम आटोपल्यावर तिने संकोचून विचारलं, “तुझा फार वेळ घेतला ना मी?”

“अगं, हे सगळं मागून घेतलेल्या मदतीवरच उभं आहे,” तो म्हणाला. “टिम बर्नर्स-ली यांनी वेब तयार केलं आणि ऑगस्ट १९९१ मध्ये त्याची माहिती जाहीरपणे लोकांपुढे ठेवली, तेव्हाच लिहिलं होतं की सोबत काम करायला येणाऱ्यांचं स्वागत आहे. आणि तू वापरतेस ते वर्डप्रेस? मॅट मलनवेग नावाचा अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मुलगा बी-टू नावाच्या सॉफ्टवेअरवर आपलं लिखाण चालवत होता. ते करणारा माणूस दिसेनासा झाला, काम थांबलं. तुझ्यासारखंच की! पण तिथे एक फरक होता. त्याची आतली मांडणी सगळ्यांसाठी खुली होती, किल्ली कोणा एकाच्या खिशात नव्हती. जानेवारी २००३ मध्ये मॅटने लिहिलं की हे सॉफ्टवेअर बंद पडू न देता पुढे न्यायला हवं, आणि त्यात काय काय हवं तेही मांडलं. इंग्लंडमधल्या माइक लिटलने कळवलं की तू मनावर घेणार असशील तर मी हातभार लावतो. त्याच वर्षी २७ मे रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. आज जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी दोन तरी त्यावर चालतात. एकाने नेमकं सांगितलं, दुसऱ्याने हात पुढे केला.”

“मग आता वेबसाइट चांगली झाली?”

“चालू लागली. चांगली झाली का, ते मला विचारू नकोस. मी काही पापड विकत घेणार नाहीये. जी घेणार आहे तिच्या हातात फोन दे आणि शेजारी गप्प बस. काही सांगू नकोस, काही समजावू नकोस. तिचं बोट कुठे थांबतं तेवढं बघ.”

पुढच्या आठवडे बाजारात नोकरीनिमित्त हरसुलात राहणाऱ्या एक बाई पिठाला आल्या. भाचीने त्यांना फोन दिला. बाईंनी पान खाली सरकवलं, पुन्हा वर नेलं. ‘आमचे ध्येय’ या मोठ्या परिच्छेदावरून त्यांचं बोट न थांबता पुढे गेलं. पापडाच्या फोटोवर त्या थांबल्या, फोटोवर टकटक केलं, काहीच झालं नाही. “किंमत कुठे आहे?” त्यांनी विचारलं. भाचीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं. बाई पुटपुटत राहिल्या. “तळायचे की भाजायचे? किती दिवस टिकतील? पाकीट केवढं?” फोन नंबर त्यांना सापडला, पण तो फोटोतच छापलेला, त्यावर बोट ठेवून फोन लागेना. बाईंनी फोन परत केला आणि म्हणाल्या, “छान आहे हो.”

तेच ‘छान’. पण आता त्या शब्दाच्या अलीकडे काय घडलं, ते भाचीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी येऊन तिने ध्येयाचा परिच्छेद खाली नेला. वर वजन आणि किंमत आली. तळायचे कसे, निखाऱ्यावर भाजायचे कसे, ते मावशीच्या शब्दांत आलं. पाकिटावरचा अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक आला. बोट लावताच फोन लागेल असा नंबर आला. मावशीने स्वतःहून एक ओळ सांगितली : “पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून पापड होत नाहीत. उन्हाळ्यातले शिल्लक असतील तेवढेच मिळतील.” भाची म्हणाली, “मावशी, हे कशाला लिहायचं? गिऱ्हाईक जाईल की.” मावशी म्हणाली, “खरं आहे ते लिही. विचारून बघ ना लोकांना.” ओळ लिहिली गेली. पुढे विचारल्यावर कळलं, ती ओळ वाचूनच काही जणांनी वर्षाचे पापड मे महिन्यातच सांगून ठेवले होते.

रातोरात नशीब पालटलं, असं काही झालं नाही. फोन येऊ लागले, कधी दोन, कधी चार. उन्हाळ्याचं काम मात्र आधीच ठरू लागलं, आणि त्या वर्षी गटातल्या काही बायकांना द्राक्षाच्या छाटणीला जावं लागलं नाही. एवढ्यावर घरातल्या मुलांची शाळा बुडायची वाचली.

पुढे पेठकडच्या एका गटातली मुलगी भाचीकडे आली. “ताई, आम्हालाही वेबसाइट करून दे ना. आम्हाला काही जमत नाही.”

भाचीने तिला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि विचारलं, “जमत नाही म्हणजे काय गं? काय होतंय ते दाखव.”

तात्पर्य एवढंच. मदत मागण्यात कमीपणा नाही, पण आपलं दुखणं बोट ठेवून दाखवण्याचे कष्ट मागणाऱ्याने घ्यायला हवेत; नुसतं ‘मदत करा’ म्हणणाऱ्याच्या पदरात शुभेच्छाच पडतात. देणाऱ्याने काम करून देण्यापेक्षा समोरच्याच्या हातून करवून घ्यावं, म्हणजे ती मदत पुढच्याला देता येते. आणि काम चालू कसं करायचं ते जाणकाराला विचारावं, पण चांगलं कसं करायचं ते ज्याच्यासाठी केलं त्यालाच विचारावं, आणि तो सांगत असताना आपण गप्प बसावं.