कुंभाराचे गाढव

घट तयार होण्यापूर्वी कुंभाराच्या दारी माती वाहून आणणारे गाढव उभे असते. पण तेवढ्याने ते घटाचे कारण ठरत नाही, असे आपल्या नैयायिकांनी बजावून ठेवले आहे. आधी असणे निराळे आणि कारण असणे निराळे. हा पाठ आम्ही महाविद्यालयात घोकला होता. परंतु दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये एका मांजरीने तो आम्हांस पुन्हा शिकविला, आणि त्या शिकवणीची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी मोजली.

आमच्या मनीस गेल्या वर्षी तीनदा तेच दुखणे झाले. एकामागून एक शिंका, डोळ्यांतून पाणी, चोंदलेले नाक, आणि वास येईनासा झाल्यामुळे अन्नाकडे पाठ. आठदहा दिवसांत ती बरी होई. नोव्हेंबरात प्रथम असे झाले तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईंची आठ वर्षांची मुलगी रस्त्यावरचे एक पिल्लू घेऊन आमच्या व्हरांड्यात खेळत असे. आम्हांस कारण सापडले! एका मांजराचा आजार दुसऱ्यास लागतो हे खोटे नव्हतेच. त्यामुळे संशय अधिकच शहाणपणाचा वाटला. मुलीस येथे आणू नये, असे आम्ही बाईंना सांगितले. जानेवारीत पुन्हा शिंका सुरू झाल्या, तेव्हा ती चोरून येत असावी, असे म्हणून मोकळे झालो.

एप्रिलात तिसरी खेप आली. या वेळी पशुवैद्यांनी प्रथम विचारले, मांजर शिंकते की खोकते? अंग चोरून, मान लांब करून खोकत असेल तर दम्याचा विचार करावा लागतो आणि मग धूळ, धूर, उदबत्ती यांची झडती घ्यावी लागते. शिंका व डोळे यांची तक्रार वारंवार उलटत असेल, तर मांजरांत आढळणाऱ्या हर्पिस विषाणूचा संशय येतो. लहानपणी एकदा शिरलेला हा विषाणू बहुधा जन्मभर मज्जातंतूंत निद्रिस्त राहतो. जिवास ताण पडला की जागा होतो, आणि तोही साधारण आठवड्याभराने. ‘आदल्या दिवसाचे नको, आदल्या पंधरवड्याचे टिपण करा,’ ते म्हणाले, ‘आणि ती बरी होती ते दिवसही मांडा.’

आम्ही दिनदर्शिका घेऊन बसलो. नोव्हेंबरात दिवाळीच्या रजेवर आम्ही सांगलीस गेलो होतो व मनीस परक्या घरी ठेवले होते. जानेवारीत क्वार्टर बदलले. एप्रिलात बंधूंचे पाच माणसांचे कुटुंब आठ दिवस मुक्कामास होते. आणि ती मुलगी? एप्रिलात ती महिनाभर आईबरोबर गावी होती. कारण नसता कार्यही नसावे, हा व्यतिरेकाचा साधा नियम आमच्या आरोपाने केव्हाच मोडला होता. पुरावा समोर होता. आम्ही तो मांडला नव्हता, एवढेच.

का मांडला नाही? कचेरीत काही प्रमाद घडला की ‘कसे घडले’ यापेक्षा ‘जबाबदारी कोणावर निश्चित करावयाची’ हा प्रश्न आधी येतो, आणि जेथून उलट उत्तर येण्याचा संभव नाही तेथे ती चटकन निश्चित होते. आमची रजा, आमची बदली, आमचे बंधू यांच्यावर संशय घेण्याचे आम्हांस सुचलेही नाही.

कोणी म्हणेल, तीन तारखांनी तरी काय सिद्ध होते? खरे आहे. चाचणी केली तरी निरोगी मांजरात विषाणू सापडू शकतो आणि आजाऱ्यात हुकू शकतो. आमचे नवे अनुमानही संभवापलीकडे जात नाही. परंतु धुळीस वा उदबत्तीस चुकून कारण ठरविले तर फार तर उपाय चुकतो. माणसास ठरविले तर अन्याय होतो. म्हणून माणसावर आरोप ठेवण्यास पुरावा सबळ हवा. आरोप मागे घेण्यास मात्र शंकाही पुरेशी असावी.

आम्ही बाईंजवळ चूक कबूल केली व मुलीस पाठविण्यास सांगितले. रविवारी ती आली. मनी उंबरठ्यावर येऊन बसली. मुलीने हात पुढे केला नाही; आधी आमच्याकडे पाहिले.