खंडणी द्यावी का?

तेलंगणातलं भैंसा हे कापसाचं गाव. 2016 च्या जिल्हा पुनर्रचनेत ते जुन्या आदिलाबादमधून निर्मल जिल्ह्यात गेलं, पण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या धर्माबाद-भोकरशी असलेली सोयरीक तशीच राहिली. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी उर्दू. जिनिंगचा हिशेब, आडत्याकडची उधारी, विजेचं बिल हे सगळं इथंही संगणकात गेलं आहे. जमिनीची नोंद 2020 मध्ये ‘धरणी’ पोर्टलवर चढली आणि 2025 मध्ये ‘भूभारती’त आली. ज्या कागदासाठी भावाभावांत कोर्टकज्जे होतात, तो आता दूरच्या एखाद्या यंत्रातली नोंद आहे.

ही नोंद एके सकाळी उघडलीच नाही तर?

2019 च्या उन्हाळ्यात तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातल्या वीज वितरण कंपन्यांच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच वर्षांनी, 31 जुलै 2024 रोजी, बँकांना संगणकसेवा पुरवणारी सी-एज ही कंपनी अशाच हल्ल्यात सापडली. सुमारे 300 छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले. या हल्ल्यात माहिती जागेवरच राहते, पण सांकेतिक होऊन बसते. ती पुन्हा वाचण्याची किल्ली चोराकडे असते आणि तो त्या किल्लीचे पैसे मागतो. अलीकडे तो आधी एक प्रत स्वतःकडे नेतो आणि ती जाहीर करण्याची धमकीही देतो.

मग प्रश्न उरतो तो तंत्राचा नाही, धर्माचा. पैसे द्यावेत का?

खंडणीचा विचार सर्वांत बारकाईनं ज्यूंच्या धर्मशास्त्रात झाला आहे, कारण माणसं पळवून नेण्याचा जाच त्यांनी शतकानुशतकं सोसला. कैद्याला सोडवणं हे मोठं पुण्यकर्म. तरीही सुमारे 1800 वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या धर्मसंहितेत एक मर्यादा घातलेली आहे: कैद्याच्या मोलापेक्षा जास्त रक्कम देऊ नये, त्यातच जगाचं हित आहे. पुढच्या पंडितांनी याची दोन कारणं चर्चिली. एक म्हणजे समाजावर पडणारा बोजा. दुसरं म्हणजे लुटारूंना येणारा चेव. जर्मनीतले रब्बी मेइर 1286 मध्ये कैद झाले. आपल्यासाठी मोठी खंडणी भरली तर उद्या प्रत्येक रब्बी पकडला जाईल, म्हणून त्यांनी सुटका नाकारली असं परंपरा सांगते. 1293 मध्ये ते कैदेतच वारले.

आपल्याकडे याच्या उलट्या बाजूचा विचार महाभारतात आहे. शांतिपर्वातल्या आपद्धर्माच्या कथेत बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरात कुत्र्याचं मांस चोरायला शिरतो. पकडला गेल्यावर त्याचं म्हणणं एवढंच, की आधी जीव वाचू दे, जगलो तर धर्म पुन्हा आचरता येईल. रुग्णालयाच्या बाबतीत हा युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. रक्तगट, औषधं, शस्त्रक्रियेच्या तारखा सारं बंद पडलं असेल, तेव्हा पुढच्या बळीची काळजी करत दारातल्या रुग्णाला थांबवून ठेवायचं का? तिथं आपद्धर्म मान्य करावाच लागेल. मात्र आपद्धर्म आचरणाऱ्यानं तो लपवू नये. पैसे दिले असतील तर ते उघड सांगावं, हल्ला कुठून आत आला तेही सांगावं, म्हणजे शेजारचं रुग्णालय तरी वाचेल. व्यापाऱ्याच्या वा कचेरीच्या नुसत्या गैरसोयीला मात्र आपद्धर्माचं नाव देता येत नाही.

आणि खंडणी देऊन सुटका होतेच असंही नाही. अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीनं मे 2021 मध्ये सुमारे 44 लाख डॉलर मोजले. हाती आलेली किल्ली इतकी संथ होती की कंपनीला स्वतःच्या बॅकअपवरच भिस्त ठेवावी लागली. चेंज हेल्थकेअर या आरोग्य-व्यवहार कंपनीसाठी 2024 मध्ये 2 कोटी 20 लाख डॉलर दिले गेले. त्यानंतर दुसरीच टोळी तीच माहिती घेऊन पुन्हा पैसे मागायला आली. त्याच 2021 च्या मे महिन्यात आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं पैसे नाकारले. गुन्हेगारांनी किल्ली फुकट दिली, तरी जवळपास सगळं पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला.

दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 रोजी पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे 1.3 टेराबाइट माहिती सांकेतिक झाली. केसपेपर दोन आठवडे हातानं लिहिले गेले. पण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता, त्यावरून रुग्णांची माहिती परत मिळाली. म्हणजे खंडणीचा निर्णय हल्ल्याच्या रात्री होतच नाही. तो कित्येक महिने आधी, कुणी तरी वेगळी प्रत ठेवली किंवा ठेवली नाही, तेव्हाच होऊन गेलेला असतो. ज्याच्याकडे प्रत नाही, त्याला धर्म-अधर्म निवडायला जागाच उरत नाही.

या बाबतीत भैंशाच्या मुलखाला परका नसलेला एक मराठी दाखला आहे. आदिलाबादला लागून असलेलं माहूर महानुभाव पंथाला पवित्र. या पंथाच्या म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी गोळा करून तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो अनुयायांच्या स्मरणातून. म्हणूनच त्याचे वेगवेगळे पाठ आहेत, आणि अभ्यासक ते आजही ताडून पाहतात. एका ठिकाणची पोथी गेली, पण अनेकांच्या मुखी असलेली गेली नाही. पुढं याच पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत लिहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली. सांकेतिक लेखन तेव्हाही होतं, पण किल्ली ग्रंथ जपणाऱ्यांच्या हाती होती. रॅन्समवेअरमध्ये विद्या तीच, फक्त किल्ली लुटणाऱ्याच्या हाती. पाप गणितात नाही, दुसऱ्याची स्मृती अडवून धरण्यात आहे.

आणि ही स्मृती खरं तर ठेवणाऱ्याची नसतेच. आडत्याच्या संगणकातला आकडा शेतकऱ्याचा असतो, दवाखान्यातला रुग्णाचा. ठेव सांभाळणाऱ्यानं ती एकाच जागी ठेवणं हा विश्वासघात आहे, मग हल्ला होवो वा न होवो. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी आणि नेटवर्कला न जोडलेली. कायम संगणकाला लावून ठेवलेली हार्ड डिस्क त्याच हल्ल्यात जाते. चोर कधी कधी आठवडेच्या आठवडे आत दबा धरून बसलेला असतो, म्हणून जुन्या तारखांच्या प्रतीही हव्यात. हल्ला झालाच तर प्रथम नेटवर्क तोडावं, 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवावं, आणि संस्थांनी 2022 च्या नियमाप्रमाणे सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला. बंद झालेल्या फायली पुसू नयेत. 2016 मध्ये डच पोलीस आणि युरोपोल यांनी काही कंपन्यांसह सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात, काही उशिरा सापडतात. आतला शिरकाव साफ करून, पासवर्ड बदलून मगच स्वच्छ यंत्रावर प्रत उतरवावी.

लक्ष्मीपूजनाला भैंशाच्या पेढ्यांवर वह्यांबरोबर आता संगणकालाही हळदकुंकू लागत असेल. यंदा पूजेनंतर तिथंच आपली बॅकअपची प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी, एखाद्या शेतकऱ्याचं खातं उघडून मूळ पावतीशी ताडावं, आणि उघडलं नाही तर दुकान बंद करण्याआधी नवी प्रत करावी.