गाईची पूजा आणि गवताचा विसावा

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, आपल्या घरांतील स्त्रिया सवत्स धेनूची पूजा करतात आणि त्या दिवशी गाईचे दूध-तूप वर्ज्य मानतात. वासराचा वाटा वासरास मिळावा, असा त्या व्रताचा अर्थ आम्ही समजतो. पुढे चारच दिवसांनी बलिप्रतिपदेस अंगणात शेणाचा गोवर्धन मांडला जातो. गाईचे ऋण आपण मानतो. परंतु जी भूमी गाईला पोसते तिचे ऋण आपण मानतो काय?

भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्णाने नंदादी गोपांस इंद्रयागाऐवजी गोवर्धनाची पूजा करावयास सांगितले. ज्या डोंगराच्या आश्रयाने गाई जगतात त्यास विसरू नये, हा त्यातील बोध आहे. नुसते गोधन पूजून गोपांचा धर्म पुरा होत नाही. गाईचे कुरणही पूज्यच.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे मूळ गाव मराठवाड्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तो मुलूख व हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते. लातूर-उदगीरकडील देवणी गाईचा गोठा ज्यांनी पाहिला असेल त्यांस धार काढण्याची रीत आठवेल. पहाटे वासरू सोडावे, त्याने ढुसण्या दिल्या म्हणजे गाय पान्हा सोडी. मग धार काढावी, आणि एक सड वासरासाठी राखावा. जो सगळे दूध काढून घेई, त्याचे वासरू खंगे व पुढची पिढी दुबळी निघे.

गवताचेही तसेच आहे. पाते उन्हाच्या योगाने अन्न तयार करते व मुळांस पोसते. जनावराने पाते खाल्ले की गवत साठवणीतून पुन्हा फुटते. तो फुटवा सावरण्यापूर्वीच दुसऱ्यांदा खाल्ला गेला, तर मुळे आखडतात, माती उघडी पडते आणि पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाते. उलट, गुरे एका तुकड्यात थोडे दिवस चारून पुढे हलविली व मागील तुकड्यास पुरता विसावा दिला, तर शेणमुताने जमीन सकस होते व पाणी मुरते. फ्रान्समधील आंद्रे व्वाझँ यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच विसाव्याचा नियम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. गुरांच्या संख्येइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व काळाचे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने विसाव्याची वाट निराळ्या तऱ्हेने धरली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पत्करली. डोंगरावर गुरे मोकाट सोडणे थांबले. गवत विळ्याने कापून गोठ्यात आणावे, असे ठरले. जलसंधारणाची कामे व ही बंदी यांच्या योगाने उजाड डोंगर पुन्हा हिरवा झाला आणि दुभत्यास बरे दिवस आले.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्याच्यापाशी शेत नाही, दोन शेळ्यांवरच ज्याची चूल पेटते, त्यास गायरान बंद म्हणजे उपास. ज्याचे पोट भरलेले आहे त्याचा संयम सोपा. भुकेल्याचा संयम अवघड. म्हणून आम्हांस वाटते की, गवताच्या विसाव्याचे मोल एकट्या गरिबाने भरू नये. कुरण बंद असेल तोवर त्याच्या दावणीस चारा पोचविणे हे साऱ्या गावाचे कर्तव्य होय. असे न केल्यास ती बंदी धर्म ठरत नाही, जुलूम ठरते.

आणि आम्ही नल्लकुंट्यातील माणसे? आमच्या वस्तीच्या नावातच तेलुगू भाषेतले ‘काळे तळे’ आहे. आज मात्र आम्हांस तळेही दिसत नाही नि कुरणही. सणावारी गाईस चाऱ्याची पेंढी घालून आम्ही पुण्य जोडल्याचे समाधान मानतो. पेंढी अवश्य घालावी. पण ती कोणाच्या रानातून आली याचाही विचार करावा, आणि रान राखून दूध देणाऱ्याने दोन पैसे अधिक मागितले तर घासाघीस करू नये. वसुबारसेस एक दिवस वासराचा वाटा राखणाऱ्या आम्हांस भूमीचा वाटा वर्षभर राखणे अशक्य नाही.