तीर्थयात्रेचे फळ

महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषींनी भीष्मांना तीर्थयात्रेचे माहात्म्य सांगितले आहे. मोठमोठे यज्ञ राजांना आणि धनवंतांना साधतात; निर्धनाला ते शक्य नाहीत. तीर्थयात्रा मात्र सर्वांसाठी आहे आणि तिचे पुण्य यज्ञाहूनही थोर आहे, असे तेथे म्हटले आहे. त्याच ठिकाणी या पुण्याची अटही सांगितली आहे. ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहेत, त्यालाच तीर्थाचे फळ लाभते. किती पायऱ्या चढल्या, किती वेळ रांगेत उभे राहिले, याचा तेथे उल्लेख नाही.

मावळातील कार्ल्याच्या डोंगरावर, वेहेरगावच्या माथ्याशी वसलेली आई एकवीरा ही कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आदी अनेक समाजांची कुलस्वामिनी. चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखीला आणि नवरात्रात मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून भाविकांची रीघ लागते. लेकीने माहेरी यावे, तसे हे भाविक आईकडे येतात. माहेरी आलेली लेक आईचे अंगण घाण करून जात नाही. उलट आईच्या कामाला हात लावते. यात्रेचा आचारधर्म या एका दृष्टान्तात सामावलेला आहे.

प्रथम हातांचा संयम. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात इंद्रायणी उगम पावते. कार्ल्याच्या डोंगरावरचे पावसाचे पाणी ओढ्यांवाटे तिलाच मिळते. पुढे ती कामशेत, इंदोरीवरून देहूस जाते, आळंदीस ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीजवळून वाहते आणि तुळापूरला भीमेस मिळते. ज्या इंद्रायणीने तुकोबारायांची गाथा तारली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, तीच ही नदी. आज आळंदीच्या घाटावर तिच्या पाण्यावर अनेकदा पांढरा फेस तरंगताना दिसतो. त्याचे मोठे कारण कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी हे होय. परंतु तेवढ्याने उगमाकडच्या यात्रेकरूचे उत्तरदायित्व संपत नाही. पायरीवर टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पहिल्या पावसात ओढ्यात उतरते आणि ओढा ती नदीच्या स्वाधीन करतो. येथे देवीला हात जोडायचे आणि त्याच हातांनी माउलींच्या वाटेवर कचरा सोडायचा, ही कसली भक्ती? महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कायद्याने बंदी आहे. भाविकाला मात्र कायद्याआधी धर्म आठवावा. खणानारळाची ओटी कापडी पिशवीतून आणावी, पाण्याची बाटली घरून भरून आणावी आणि रिकामी झाल्यावर परत न्यावी. पाणीही जपून वापरावे. पावसाळ्यात या घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस कोसळतो, परंतु ते पाणी उतारावरून वाहून जाते आणि चैत्राच्या यात्रेपर्यंत डोंगरातील ओढे आटलेले असतात.

हात केवळ आवरण्यासाठी नाहीत, देण्यासाठीही आहेत. देवीच्या मंदिरालगतच कार्ल्याचे प्राचीन बौद्ध चैत्यगृह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेल्या या चैत्याच्या छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून आहेत. बोरघाटातून येणाजाणाऱ्या व्यापाराच्या वाटेवरील हे स्थान. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचे यवन, सोपाऱ्याचे रहिवासी अशा दूरदूरच्या दात्यांची नावे येथील शिलालेखांत कोरलेली आहेत. कोणी एक स्तंभ दिला, कोणी आणखी काही. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने तर वर्षावासासाठी येथे राहणाऱ्या सर्व प्रव्रजितांच्या निर्वाहाकरिता एक गाव दान केल्याची नोंद आहे. वाटसरूंनी या डोंगराला असे दिले, म्हणून तो आजही समृद्ध दिसतो. आजच्या यात्रेकरूला खांब उभारावयाचा नाही. त्याने हारफुले, नारळ गावातल्याच दुकानातून घ्यावेत, जेवण गावातल्या घरगुती खाणावळीत करावे. उन्हाळ्यात पानाच्या द्रोणात करवंदे, जांभळे विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. परतताना मावळच्या शेतकऱ्याकडून इंद्रायणी तांदूळ घ्यावा. हेही दानच आहे. फरक इतकाच की ते घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, त्याच्या श्रमाचा मान राहतो.

दुसरा पायांचा संयम. ज्या चैत्यात शतकानुशतके साधना झाली, तेथे स्तूपाला हात लावून छायाचित्रे काढणे, भिंतीवर नावे कोरणे हा अपराध आहे. दात्यांची नावे तेथे कोरली गेली ती काही दिल्यामुळे. काहीही न देता नाव कोरणे म्हणजे केवळ विद्रूपीकरण. समोरचा लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. त्याच्या तटबंदीलाही हाच नियम लागू आहे. आषाढ-श्रावणात भातखाचरांत रोपे लावलेली असतात. वाहन उभे करण्यासाठी किंवा जवळची वाट म्हणून त्यांच्या बांधांवरून गेल्यास एका कुटुंबाच्या वर्षभराच्या अन्नावर पाय पडतो. शक्य असेल त्याने लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. तेवढीच घाटातील आणि गावातील वाहने कमी होतील.

पाण्याशी तर पायांनी विशेष सावध असावे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली क्षणात लोंढा येतो, हे येथील गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अशा वेळी नदीत उड्या घेऊन लोकांना वाचविणारे आणि मृतदेह शोधणारे बहुधा याच गावांतील तरुण असतात. त्यांच्या सूचनेकडे दुर्लक्ष करणारा आपल्याबरोबर त्यांचाही जीव धोक्यात घालतो.

तिसरा आणि सर्वांत कठीण तो मनाचा संयम. यात्रेकरू एका दिवसाचा पाहुणा असतो. गावाला मात्र तीनशे पासष्ट दिवस तेथेच राहायचे असते. रात्री उशिरा वाजणारी वाद्ये, मद्यपान, देवराईतील झाडांची तोड या गोष्टी पाहुण्याला क्षणाची मौज वाटतात, पण त्यांचा त्रास गावातील परीक्षेला बसलेल्या मुलाला, आजारी वृद्धाला आणि मुक्या पाखरांना भोगावा लागतो. भक्तीच्या गजरात दुसऱ्याचे दुःख ऐकू येत नसेल, तर तो गजर देवीपर्यंत पोहोचत नाही.

शास्त्रांनी एक गंभीर इशारा दिलेला आहे. अन्यत्र केलेले पाप पुण्यक्षेत्री नाहीसे होते. परंतु पुण्यक्षेत्री केलेले पाप वज्रलेपासारखे चिकटते. आजच्या भाविकाला याचा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो. डोंगरावर फेकलेले प्लॅस्टिक पिढ्या उलटल्या तरी मातीत मिसळत नाही. ते टाकणारा नवस फेडून घरी जातो, त्याचे कृत्य मात्र देवीच्या दारातच राहते.

म्हणून पायऱ्या उतरताना प्रत्येक भाविकाने क्षणभर थांबून स्वतःस विचारावे : आपल्या येण्याने या डोंगराचे, या नदीचे, या गावाचे काय भले झाले? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येईल, त्याची यात्रा सफळ झाली. हात, पाय आणि मन आवरण्याचे बळ आई एकवीरा सर्व भाविकांना देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.